आतल्या तारेवरचं शीड

प्रिय भिंगरी,

परवा तू निघणार. एकटी, महासागर ओलांडायला. पोरीला अडवत का नाही, असं शेजारीण रोज विचारते. तुला अडवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. लहानपणी गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान वाचायचीस. शेवट ठाऊक असला की मधलं धीराने वाचता येतं, असं वर मलाच शिकवायचीस. या खेपेला शेवट मला ठाऊक नाही, म्हणून माझा धीर जरा कमी पडतोय.

तुझ्या बोटीच्या पुढच्या शिडावरून आपली केवढी जुंपली होती. तुला एकच मोठं शीड हवं होतं, बसल्या जागी दोरी ओढली की डोलकाठीपासून बोटीच्या टोकापर्यंत ताणलेल्या तारेभोवती गुंडाळलं जाणारं. एकट्या माणसाला ते सोयीचं, हे मलाही पटत होतं. पण गुंडाळी अडकली तर भर वाऱ्यात एवढं कापड आवरणार कोण? मी हटूनच बसले, की डोलकाठीच्या जवळ आत आणखी एक तार ओढायची आणि तिच्यावर चढवायला जाड कापडाचं छोटं शीड न्यायचं. तारा ताणणारे काका दोघींच्या बोलण्यावर मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले, की दोन्ही न्या, पण मला जेवायला जाऊ द्या.

ते छोटं शीड शिवताना मला तुझा फार राग यायचा. हे पोरीला परत आणायला शिवतेय की दूर न्यायला, तेच कळेना. सुया मोडल्या, पण शिवण तिहेरी घातली.

मग तू मला बोटीवर ओढून नेलंस. जन्मभर शिडं शिवली, पण बोट लागेल या भीतीने धक्का कधी सोडला नव्हता. शीड म्हणजे फरशीवर पसरलेलं कापड, त्याच्यावर गुडघे टेकून रांगायचं, एवढंच मला माहीत. तू दोरी ओढून शीड उलगडलंस. कापड दोनदा फडफडलं आणि पोट भरलेल्या बाळासारखं गप्प झालं. बोट कलली आणि चालू लागली, इंजिन बंद, नुसती माझ्या टाक्यांवर. तारेला हात लावला तर ती आतून गुणगुणत होती. समोर पाणी संपतच नव्हतं. अगं, ते एवढं मोठं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी भीतीने गारठले, तरी नजर हटेना. आणि तू सुकाणूपाशी सफरचंद खात बसली होतीस, घरच्या ओट्यावर बसावं तशी. नंतर मला उलटी झाली, ते सोड. त्या दिवसानंतर मी तुला जाऊ नकोस म्हटलेलं नाही.

तू अजूनही शेवट आधी वाचतेस, म्हणून कामाचं इथे लिहिते. हे पत्र मी छोट्या शिडाच्या पिशवीत, घडीच्या वरच ठेवलंय. ती पिशवी तू हौसेने उघडणार नाहीस. उघडलीस, म्हणजे वारा वाढलाय. तेव्हा हे खिशात घाल. आधी कमरेचा पट्टा बोटीला अडकव, मग शीड चढव. शिवण सुटणार नाही, ते माझ्यावर सोड. वरचं सगळं वारा पडल्यावर, काहीतरी खाऊन, सावकाश वाच.

तुझीच,
आई