तिरक्या खिळ्यांचा घोटाळा

वाशीम, फाल्गुन शके १८५८

रा. रा. दौलतरावजी यांस जगदेवचा रामराम. रिसोडास सर्व खुशाल असाल, तुमचा गुडघा आणि तुमचा राग दोन्ही उतरणीला लागले असतील, असे धरून चालतो. (गुडघ्याची खात्री आहे.)

घडले ते असे. आमच्या छापखान्यात आजवर एकाच वळणाच्या अक्षरांचे खिळे होते, जाडजूड, दंड थोपटून उभे. मुंबईच्या ओतशाळेचा नमुना आला आणि मी भुललो. अक्षर सडपातळ, सगळीकडे सारख्या बारीक रेघेचे, टोकांना गाठी नाहीत, फुगवटे नाहीत, आणि उजवीकडे जरासे कललेले. संच मागवला, आणि नवे औषध मिळालेल्या वैद्यासारखा जिथे तिथे लावत सुटलो. गुरे मोकाट सोडू नयेत ही कमिटीची नोटीस त्यात छापली. ती इतकी अदबशीर दिसली की लोकांनी विनंती समजून वाचली आणि गुरे मोकाटच ठेवली.

तरी शहाणपण सुचले नाही. रामराव पाटलांच्या मुलीची लग्नपत्रिका त्याच खिळ्यांत जुळवली. आपल्याकडची रीत तुम्ही जाणताच. छापील पत्रिकेला घरातून एक माणूस जातो. यजमानाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली तर ते चूलबंद आवतण, त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, पाळण्यातल्या पोरासकट सगळे जेवायला. तीनशे घरांनी ते कललेले अक्षर पाहिले आणि पाटलांनी आपल्यासाठी खास बोरू झिजवला असे मानून चुलींवर पाणी ओतले. शिरपूरकडून तर बैलगाड्यांची रांग लागली. तीनदा भात शिजला, वरणात विहीर उतरली. पाटील मला मांडवात एवढेच म्हणाले, "जगदेवराव, मी तुमाले छापाले सांगतलं होतं, जीव लावाले नाही."

तुम्हीही अकरा माणसे घेऊन आलात आणि छातीशी जपलेली तीच चिठ्ठी शेजारच्या पंगतीत सगळ्यांच्या हातात पाहिलीत. "जगद्याच्या कागदावर आता भरोसा नाही," असे म्हणून न जेवता गाडी जुंपलीत. मला ते फार लागले. खिळे मी पेटीत कुलूप लावून ठेवले आहेत. (रोज एकदा उघडून पाहतो, ते सुंदरच आहेत.)

आपला, जगदेव

ता. क. खरे काम राहिलेच. आमच्या कमलीचे लग्न वैशाख शुद्ध पंचमीला ठरले. मामा पाठीशी असल्याशिवाय पाटावर उभी राहणार नाही, असे तिने मला बजावले आहे, आणि पोरगी आईवर गेली आहे. चूलबंद यावे.

ता. क. दुसरे. हे पत्र हाताने लिहिले आहे. शंका असल्यास ओला अंगठा फिरवून पाहावा, शाई पसरेल. कमलीच्या नावाशी ती आधीच पसरली आहे. तुमच्या बहिणीने पत्र वाचून परत दिले तेव्हापासून. ती म्हणते, कांदा चिरत होते. आज एकादशी आहे.