बटण मी दाबलं

लखनदादा,

माझी मोहिनी आठ दिवस माझ्याशी बोलत नाय. हिच्यासाठी आपलं पेठ गाव सोडून नाशकात कोण आलं? मीच ना! फोन करत नाय, ती ऐकेल. कागदावरचं तिला वाचता येत नाय.

तिचं काम, आंधळ्यांना वेबसाइट वापरता येते का ते तपासायचं. यंत्रावर ब्रेलचे ठिपके उठतात, ते बोटांनी वाचते. मी मदतनीस म्हणून शेजारी बसते. गेल्या सोमवारी दवाखान्यात नंबर लावायची वेबसाइट होती. शेवटचं बटण ठिपक्यांत उठेचना. ती शोधतेय, शोधतेय. मला धीर कुठला? "अगं, हे काय खाली, हिरवं!" म्हणून मीच दाबलं. आमच्या साहेबाने लिहून टाकलं, आंधळ्या पोरीला जमलं, वेबसाइट पास.

"आई, बाकीच्या आंधळ्यांच्या शेजारी तू बसणार आहेस का?" एवढंच बोलली. धड जेवत पण नाय.

येत्या मंगळवारी वेबसाइट लोकांसाठी चालू होणार. त्याआधी, सोमवारीच साहेबाला खरं सांगते. तो दोघींना कामावरून काढील, मग ही भाड्याची खोली पण जाईल. दुसरं काही सुचत नाय मला.

तुझ्या घरात आम्हाला जागा हाय का? वहिनीला विचार. तिचे गुडघे कसे हायत? रविवारपर्यंत जीपवाल्याकडे चिठ्ठी दे. हो नायतर नाय लिही, 'बघू' लिहू नको.

तुझी भागी