आश्विनातला भरणा

॥ श्रीगुरु प्रसन्न ॥

मु. कारंजा लाड
श्रावण शुद्ध १२, शके १८५४

ज्याच्या कृपेने रित्या ओंजळीतही तीर्थ साठते आणि ज्याची दृष्टी फिरताच भरला रांजण आटतो, त्या श्रीगुरूंस आधी नमन.

चि. सौ. रुख्मिणीस, केनवड मुक्कामी, अनेक उत्तम आशीर्वाद. येथील क्षेम. तुझ्या सासूबाई चतुराबाई यांच्या गुडघ्यास उतार पडला असेल, अशी आशा करतो. न पडल्यास निर्गुडीचा पाला तव्यावर तापवून फडक्यात बांधावा व शेकावे. तुझ्या आईने लावलेली जाई यंदा कुंपणावर चढली आहे. परडी भरते, परंतु हार ओवणारे घरात कोणी नाही, म्हणून फुले सुटीच वाहतो.

दुसरे असे की, माझ्या लिंबाच्या खडावा, ज्यांच्या डाव्या खुंटीस चीर गेली आहे त्या, गेल्या पोळ्यापासून सापडत नाहीत. तुझ्या पाहण्यात आल्या होत्या काय?

आता एक आनंदाची वार्ता. आमच्या कापसाच्या जिनातील कामगारांच्या पतपेढीचे वर्ष सरले आणि तुझे यजमान चि. राजश्री जगदेवरावांनी चिटणीस या नात्याने अहवाल सिद्ध करून माझ्यापुढे ठेवला. भागभांडवल तीन हजारांचे साडेचार हजार झाले. ठेवी दीडपट. सभासदांस शेकडा सहा लाभांश. गेल्या वर्षी अकराशे रुपयांची थकबाकी होती, तेथे यंदा एकच शब्द आहे: निरंक. अकोल्याहून तपासनीस आले, त्यांनी रोकड मोजली, पावत्या ताडल्या आणि म्हणाले की अशी पेढी अवघ्या वऱ्हाडात नाही. जगदेवरावांस अकोल्याच्या मोठ्या पेढीत जागा देण्याचेही बोलून गेले. भाद्रपदात वार्षिक सभा आहे. तीत अध्यक्ष म्हणून मी अहवाल वाचावयाचा व त्यावर सही करावयाची, म्हणजे जगदेवरावांची नेमणूक निश्चित झाली.

बापास यापरते सुख कोणते? तरी, मुली, विचारतो म्हणून रागावू नकोस. कापसाचा भाव पडला आहे. जिन यंदा उशिरा सुरू झाले आणि लवकर बंद पडले. मजुरीत कपात झाली. ज्या वर्षी गावातील सर्व विहिरी तळाला गेल्या, त्या वर्षी एकाच विहिरीस पाणी चढावे, तर शहाण्याने तेथे घागर बुडवण्याआधी वाकून पाहावे.

मी वाकून पाहिले. रोकड खरी आहे, बेरजा खऱ्या आहेत. खुपते ते वेगळेच. मला आश्विनात हिवताप भरला व पंधरा दिवस मी अंथरूण सोडले नाही, हे तुला ठाऊक आहे. नेमक्या त्या पंधरवड्यात जुन्या थकबाकीचा बहुतेक सारा भरणा झाला. आश्विनात! जिन बंद, हाताला काम नाही, दिवाळी तोंडावर. त्या दिवसांत मजूर पेढीकडे कर्ज मागावयास येतो, फेडावयास नाही. पुढे माघात माझा पाय मुरगळला, घरी बसलो, तर पुन्हा तसेच. मी पेढीत बसलो की भरणा मंद आणि मी बाजूस झालो की लक्ष्मी धावत येते. राखणदार निजल्यावरच ज्या शेतात गुरे शिरतात, ती कोणाची गुरे, हे राखणदाराने विचारू नये काय?

जावयास विचारणे शास्त्रास व लोकरीतीस धरून नाही. ज्याचे पाय धुतले, त्याचे हात कसे तपासावे? म्हणून तुला विचारतो. घरी काही नवी खरेदी झाली काय? बैलजोडी, दागिना, शेताचा तुकडा? कोणा सावकाराचे येणे-जाणे? सहज म्हणून लिहावे. पत्र वाचून चुलीत घालावे.

उत्तमराव



॥ श्रीगुरु प्रसन्न ॥

मु. कारंजा लाड
श्रावण वद्य ९

चि. सौ. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद. येथील क्षेम.

तुझे उत्तर पोचले. लहानपणी तुला शुद्ध लिहावयास शिकवले, त्याचे सार्थक झाले नाही. तू बोलतेस तशीच लिहितेस. "आबा, जावयाले धोतरजोडी देता अन् मांगून त्याची झडती घेता, हे कोण्या पोथीत लिवलं हाय?" हे वाक्य मी दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तुझी आई आठवली.

घरात नवे काहीच आले नाही, बैल तेच म्हातारे आहेत, जगदेवराव आखाडीच्या सणास घरी आले तेव्हा एक स्वस्तातले लुगडे घेऊन आले, हे वाचून माझी शंका मिटावयास हवी होती. मिटली नाही. चोरी सापडली असती तर तिला नाव तरी असते. आता पैसाही जाग्यावर आहे आणि संशयही जाग्यावर आहे.

खडावांबद्दल तू लिहितेस की गेल्या पोळ्यास आली होतीस तेव्हा जगदेवरावांनी त्या पूजेसाठी म्हणून मागितल्या आणि तू दिल्यास. "सासऱ्याच्या खडावा पुजणारा जावई मले त पह्यल्यांदाच दिसला," असे तू थट्टेने लिहितेस. माझ्या मनास ही थट्टा झोंबली. मी त्यांच्या येथील खोलीवर अनेकदा गेलो आहे. कोनाड्यात मारुतीची तसबीर आहे. खडावा नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगतो. चातुर्मासात मी जिनाच्या आवारातील मारुतीपुढे सायंकाळी पोथी सांगतो, हे नित्याचे. पूर्वी माणसे येत, जांभया देत, मधूनच विडी ओढावयास उठून जात. यंदा कोणी उठत नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून पाहतात. निरूपण ऐकतात असे म्हणवत नाही. वैद्याने रोग्याकडे पाहावे तसे पाहतात. मी वाटेने गेलो की बोलणे थांबते. परवा एकाने विचारले, "बुवा, जेवण जाते ना नीट?" मी जेवतो की नाही, हे गाठी बांधणाऱ्या मजुरास का हवे?

उद्या खेमाच्या घरी जाणार आहे. हा जिनातील गाठींच्या प्रेसवरचा मजूर. गतवर्षी सर्वांत मोठी थकबाकी त्याची, आणि आश्विनात सर्वांआधी ती फेडली त्याने. पोथीच्या समाप्तीचे आमंत्रण हे निमित्त. खोटे निमित्त करण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग; श्रीगुरु क्षमा करोत.

उत्तमराव



॥ श्रीगुरु प्रसन्न ॥

मु. अनसिंग
आश्विन शुद्ध ६

चि. सौ. रुख्मिणीस अनेक आशीर्वाद. येथील क्षेम.

मी अनसिंगास तुझ्या आत्याकडे, गिरजाबाईकडे, आलो आहे. कारंज्यात कोणास ठावठिकाणा सांगितलेला नाही. तीर्थास जातो एवढेच सांगितले. का, ते क्रमाने लिहितो.

खेमा घरी नव्हता. त्याची बायको हौसाबाई अंगणात शेण सारवत होती. मांडवाखाली बकरीचा खुंट होता, बकरी नव्हती. पाळण्यातल्या पोराचे हातपाय काडीसारखे. मी आमंत्रण दिले आणि मग हळूच विचारले, "हौसाबाई, गेल्या आश्विनात पेढीचा पैसा तुम्हीच भरला ना? पावती मिळाली ना?"

ती हसली. असे हसू मी केवळ देवळातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाहिले आहे.

"बुवा, तुमी जित्ते हा ना? हेच आमची पावती!"

मला उमगले नाही. तिने पदर सावरून सांगितले. "तुमाले ताप भरला तवा आमच्या घरी चूल नाई पेटली. आमचे धनी मने, आपला हप्ता चुकला, मनून बुवाच्या आंगात ताप शिरला. तुमच्या खडावावर हात ठेवून आन घेतली होती ना सेक्रेटरीसायबापुढं, का पैसा बुडवला त बुवाच्या जिवावर येईन. मंग काय कराव? बकरी इकली. समद्या वस्तीनं कायनाकाय इकलं. भरणा झाला, अन् दुसऱ्या दिशी आयकलं का बुवानं पेज पेली. म्या मनलं, बकरी गेली त गेली, बुवा त वाचले!"

रुख्मिणी, मी त्या अंगणात उभा होतो आणि पायाखालचे ओले शेणही मला जाणवत नव्हते. ती बकरी त्या पोराच्या दुधाची होती.

तेथून थेट पेढीत गेलो. जगदेवराव एकटेच होते. त्यांनी उठून आसन दिले. जन्मात प्रथमच मी जावयाने दिलेले आसन घेतले नाही. म्हणालो, "कपाट उघडा." त्यांनी उघडले. वरच्या खणात तांबड्या फडक्यात माझ्या खडावा, वर हळदकुंकू.

"मामाजी," ते म्हणाले, "एक पैसा इकडचा तिकडं झाला असंन त माह्यं थोबाड फोडा."

"पैसा जाग्यावर आहे, जगदेवराव. गहाण मी पडलो आहे."

ते जरा ओशाळले, पण फार नाही. म्हणाले, "तुमीच पाहा. जामीनदार पळून जाते. दागिना खोटा निघते. तुमी पळत नाई अन् खोटे बी नाई. यापेक्षा चांगलं तारण मी आनखी कुठून आनू?"

"देवास जामीन ठेवणारे पुष्कळ पाहिले. सासऱ्यास ठेवणारे तुम्हीच."

"पन पेढी वाचली ना, मामाजी! गेल्या साली बुडत होती. बुडती त या मजुरायचाच पैसा बुडता." त्यांचे डोळे भरले होते. ते खोटे बोलत नव्हते, हीच अडचण. लबाड माणसावर रागावता येते.

भाद्रपदात सभा झाली. मी अहवाल वाचला. त्यात खोटा आकडा एकही नव्हता, म्हणून सही केली. तुझ्या धन्याची नेमणूक मी अडवली नाही. याचे पुण्य मानू नकोस आणि पापही माझ्याच माथी राहू दे. परंतु तपासनिसांसमक्ष सारी हकीकत सांगितली. मग ओंजळीत पाणी घेतले आणि म्हणालो, "ज्याने ज्याने माझी आण वाहिली, ती मी सोडली. तुमचे ऋण पेढीशी आहे, माझ्या जिवाशी नाही." पाणी भुईवर सोडले. त्या खडावांस कोणी देव मानू नये, म्हणून सर्वांदेखत पायात घातल्या आणि चार पावले चाललो.

माझ्या मागे दोघांनी त्या पावलांची माती कपाळास लावली.

खेमा उभा राहिला. "बुवा, तुमी आन सोडली, हे आयकलं. पन तापानं सोडली का, थे सांगा!" सभेत हशा पिकला. तपासनीसही हसले. खेमा मात्र हसत नव्हता.

पुढच्या हप्त्यास काही माणसे आली नाहीत. मला समाधान वाटले. म्हटले, चला, आण सुटली. त्याच सायंकाळी पोथी सांगताना मला ठसका लागला. पाणी प्यालो, पुन्हा लागला. मान वर केली तो समोरच्या रांगेतील तीन माणसे उठून अंधारात निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघांचेही हप्ते जमा झाले. हौसाबाईने तांब्याची घागर विकली.

आता मला सांग, मी काय करावे? आजवर मी सर्वांचा संशय घेतला. आता ती सारी माणसे माझा संशय घेतात. मी म्हणतो बरा आहे, आणि ती माझे डोळे पाहतात, जीभ पाहतात, चाल पाहतात. ज्या पेढीची थकबाकी अध्यक्षाच्या खोकल्याने वसूल होते, तिच्या अध्यक्षाने तेथे राहू नये. म्हणून राजीनामा दिला आणि पहाटेच्या बैलगाडीने निघालो.

आत्याने दोन घोंगड्या काढून दिल्या आहेत. येथे आश्विनातच थंडी पडली आहे. घरात इतर कोणास ती अजून लागत नाही. दुपारी एका ठरल्या वेळी येते व घाम येऊन जाते. तू शहाणी आहेस. यावर काही लिहून पाठवू नकोस, आणि येऊ तर नकोसच. तू आलीस की केनवडास कळेल, केनवडास कळले की जगदेवरावांस, आणि मग कारंज्यात कोणाच्या तरी अंगणातला आणखी एक खुंट रिकामा होईल. अक्षर वाकडे दिसल्यास तो बोरूचा दोष समजावा.

एक काम मात्र अवश्य कर. जगदेवराव अकोल्यास रुजू होण्यापूर्वी केनवडास येतील आणि तेथून शेवटचा निरोप घेण्यास कारंज्यास जातील. त्यांच्याजवळ वेगळी चिठ्ठी दे. तीत तुझ्या हाताने, तुझ्याच बोलीत, एवढेच लिही की आबा ठणठणीत हायेत, दोन भाकरी खातात, आत्याशी भांडतात. ती जिनाच्या आवारात, मारुतीपुढे, मोठ्याने वाचून दाखवावी, असे त्यांस माझ्या आज्ञेने सांग. पुढे काहीही घडले तरी दर महिन्यास अशी एक चिठ्ठी जात राहावी. निदान हौसाबाईच्या पोराला पाय फुटून ते अंगणभर धावू लागेपर्यंत.

आयुष्यभर पत्राच्या माथ्यावर 'येथील क्षेम' असे लिहीत आलो. त्या दोन शब्दांवर कोणाची बकरी, कोणाची घागर टांगलेली असेल, हे ठाऊक नव्हते. आज पुन्हा लिहितो, नीट वाच.

येथील क्षेम आहे.

हे पत्र जो वाचील, त्याचे दूधदुभते दाराशी राहो, त्याच्या घरची चूल कोणाच्याही आजाराने न विझो, आणि त्याच्यासाठी कोणास कधी काही विकावे न लागो.

तुझा,
आबा