उद्घाटनापूर्वीचं बाळंतपण

आई, काल गावच्या संस्थेचं पत्र आलं. प्रसूतिगृहाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार शब्द हवेत म्हणे. 'आमच्या पहिल्या महिला सभासद'! वाचून अंगाची लाही लाही झाली.

स्वराज्य नवं होतं, प्रसूतिगृहाच्या समितीत एक बाई दिसावी असं कुणाच्या तरी मनात आलं, आणि गावातली बाळंतपणं तूच करायचीस, म्हणून तुला घेतलं. सभेला मात्र तुला एकदाही बोलावलं नाही. शिपाईच ठरावाची वही घेऊन आपल्या चुलीपाशी यायचा, तू भाकरीचं पीठ पुसून अंगठा द्यायचीस. "काय लिवलंय रं?" तू विचारायचीस. "काय न्हाय काकी, नेहमीचंच."

नेहमीचंच! इमारत उभी होती, खाटा आल्या होत्या, नर्ससुद्धा येऊन बसली होती. पण उद्घाटनाला मुंबईचे बडे पाहुणे हवेत, आणि पावसाळ्यात समुद्रातून येणारी लाँच बंद. म्हणून दिवाळीनंतर पाहुणे येईपर्यंत कुलूप काढायचं नाही, असा ठराव या शहाण्यांनी केला. श्रावणात कोळीवाड्यातली एक पोर अडली, बाळ आडवं होतं. तू तिला डोलीतून तिथे नेलंस. चावी समितीच्या अध्यक्षांकडे, तू त्यांच्या घरी धावलीस. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. "दादा, चावी द्या, पोर मरंल!" तू पाया पडलीस. ते अडकित्ताही खाली न ठेवता म्हणाले, "ठरावावर तुमचाही अंगठा आहे, बाई." त्या बंद दारासमोरच्या पडवीत दुपारी बाळ गेलं आणि दिवेलागणीला ती.

पाहुणे आले, हारतुरे झाले. अध्यक्षांचा फोटो अजून तिथे लटकतो आहे. एवढे शिकलेले लोक, एकाचीही झोप उडाली नाही. दोष घेतलास तो तू. "माझ्याच आंगठ्यानं मारली तिला," म्हणायचीस. त्यानंतर कुठल्याच कागदाला अंगठा लावला नाहीस, रेशनकार्डालासुद्धा बाबांना पुढे केलंस. आणि आता हे माझ्याकडे तुझं कौतुक मागतात!

खरं काय ते लिहून त्यांच्या तोंडावर फेकायचं म्हणून बसले होते. पण ते पान कोरंच राहिलं आणि हे पत्र तुझ्या नावाने लिहून झालं. त्या ठरावाच्या दिवशी शिपाई पाणी प्यायला विहिरीवर गेला होता, वही माझ्यापुढे होती. मी चौथीत होते, सगळं वाचलं. कुलूपही वाचलं, आणि पाहुण्यांसाठी बँड येणार तेही. मला बँड बघायचा होता, आई. तू विचारलंस, "काय लिवलंय गं?" मी म्हणाले, "नेहमीचंच."