मारलं काऊन?

वरवट बकाल,
१४ एप्रिल २०२५

चि. संजीवनीस सुभद्रामावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कादंबरी पोचली. तुझे काका पुस्तकामागचा तुझा फोटो अर्ध्या गावाला दाखवून आले. फोटो काढण्याआधी केस तरी विंचरायचे होतेस गं! फोनवर बोलले असते, पण ते समोर बसलेले असतात आणि डिंपलचं नाव निघालं की उठून शेतात जातात. म्हणून लिहिते.

सध्या आमच्या ओसरीत दुपारी शेवया वळायला बाया जमतात. पोथी वाचणारी मीच, म्हणून सगळ्यांनी हट्ट धरला की यंदा भाचीचं पुस्तक वाच. वाचलं. बाया अशा रंगल्या की शेवया जाड व्हायला लागल्या. काल शेवट आला. इन्स्पेक्टरला ठाऊक आहे की बायकोला खाडीत नवऱ्यानंच ढकललं, पण पुरावा नाही. नवरा ओट्यावर चहा पितो आणि इन्स्पेक्टर होडीत बसून निघून जातो. संपलं.

शालूबाई म्हणाली, पान चिकटलं असंन, उलटून पाहा. पोथीला कशी फलश्रुती असते, ज्याचं त्याला मिळतं, तसं काहीतरी येईल म्हणून सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मी कोऱ्या पानावर नजर ठेवून मनानंच वाचत गेले. पोलीस आले, भर बाजारातून त्याला बेड्या घालून नेलं, फाशी झाली. बायांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात शालूबाईनं विचारलं की बाई, सजा झाली ते बरंच झालं, पण त्यानं तिले मारलं काऊन? मी पुस्तकात पाहिलं, आढ्याकडे पाहिलं. डोळे दुखतात म्हणून पुस्तक मिटलं.

तू विहिरीची खाडी केलीस, जावयाचं गाव कोकणात नेलंस, पण विंचू शिरू नये म्हणून चपला भिंतीला उभ्या करून ठेवणारी पोरगी मला ओळखू येणार नाही होय? डिंपलचा पाय घसरला असे कागद झाले, आणि इतकी वर्षं जामिनावर फिरत होता तो गेल्या दिवाळीत कोर्टातूनही सुटला. त्याला शिक्षा व्हावी हे मागणं मी आता देवापुढेही ठेवत नाही. एवढंच कळावं, माझ्या लेकीनं असं काय केलं होतं? तू लिहिणारी आहेस. तुला माहीत असेल. तेवढं लिहून पाठव.

मावशी म्हातारी झाली म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी,
सुभद्रामावशी

* * *

पुणे,
२३ एप्रिल २०२५

ती. सौ. मावशीस शि. सा. न. वि. वि.

फोटोबद्दल मान्य. आईनंही तेच ऐकवलं.

मावशी, हो, ती डिंपलच आहे. तुला न विचारता लिहिलं, कारण विचारलं असतं तर मला लिहवलं नसतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकही म्हणतात की वाचकांच्या तक्रारी येताहेत, कारण तरी द्या. तुझं पत्र आल्यापासून रोज बसते.

पैशासाठी मारलं असं लिहून पाहिलं. पण त्यानं कधी काही मागितलं नव्हतं, हे तूच कोर्टात सांगितलंस. संशय लिहिला, तर चिखल आपल्या डिंपलवर उडायला लागला. रागाच्या भरात म्हणून लिहिलं आणि वाचलं, तर मला त्याचीच कीव यायला लागली. मी कागद फाडला. कोणतंही कारण लिहिलं तरी एक तर ती चुकलेली दिसते, नाहीतर तो सुटतो.

मला माहीत नाही गं मावशी. माहीत असतं तर पहिल्याच वेळी लिहिलं नसतं का? ज्याला माहीत आहे तो बोलत नाही. तू सांगशील ते कारण मी छापते, एक अक्षर न बदलता.

काकांना नमस्कार. माझ्यावर रुसू नकोस, एवढीच मागणी.

तुझी,
संजीवनी

* * *

वरवट बकाल,
६ मे २०२५

चि. संजीवनी,

तुझं पत्र वाचून ठरवलं होतं, तो कधी भेटला तर सरळ विचारायचं. कोर्टात विचारायचं काम वकिलांचं होतं. माझं राहूनच गेलं होतं.

परवा डोळे दाखवायला जळगाव जामोदला गेले होते. परतीच्या एसटीत तो होता. सोबत नवी बायको आणि लहानगी पोरगी. मला बघताच उठला, पाया पडला, आई, इथं बसा म्हणाला. गाडीत चेंगराचेंगरी. त्याच्या बायकोनं, मी कोण ते न विचारता, पोर माझ्या मांडीवर दिली. पोर झोपली. तो वर दांडीला धरून उभा. बाबांची तब्येत कशी आहे, विचारलं. मी म्हणाले, बरी आहे. यंदा कापूस कसा झाला, विचारलं. तेही सांगितलं. प्रश्न जिभेवर होता गं. पण प्रत्येक वेळी तोंड उघडलं की दुसरंच काहीतरी बाहेर पडायचं. पोरीच्या मानेला घाम आला होता, तो पदरानं पुसत बसले.

आपला फाटा आला. त्यानं माझी पिशवी उतरवून दिली आणि वाकला. जावई वाकला की हात डोक्यावर जातो, सवय कुठं जाते? मी म्हणाले, सुखी राहा. गाडी गेली.

काकांना सांगितलेलं नाही. ओसरीत बसावंसं वाटत नाही. बाया मलाच विचारतील.

पुस्तक आहे तसंच छाप. होडी जाऊ दे.

पत्र टाकत जा, माझं तुझ्याशिवाय कोणी ऐकत नाही. फक्त या खेपेला वर आशीर्वाद लिहिला नाही, खालीही लिहीत नाही, रागावू नकोस. माझा आशीर्वाद आता कोणालाही मिळतो.

सुभद्रामावशी