एकही भाकरी करपली नाही

अण्णा, माझी नवी कादंबरी या आठवड्यात छापायला गेली. पुढच्या रहस्यकथेचे भाग एका ऑडिओ कंपनीला दर शुक्रवारी द्यायचे आहेत. एवढं सगळं चालू असताना मी अजून तुमच्या त्या उर्दू लेखकावर जळतोय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तो तर तुमच्याही आधी गेला.

पहिली कादंबरी घेऊन गावी पिशोरला आलो तो दिवस अजून दिसतो. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी बाजेवर बसलेले आहात. निजामाच्या काळात तुमची सगळी शाळा उर्दूत झालेली. मराठी वाचायला तुम्ही पोलीस अ‍ॅक्शननंतर, नोकरी टिकवायची म्हणून, अक्षर लावत शिकलात. पुस्तक हातात घेता, कपाळाला लावता आणि सवयीनं उर्दूसारखं मागून उघडता. बोट ठेवून शेवटचं पान वाचता, मग वर बघता.

"कंपाउंडरनं मारला व्हय? मग आता काय वाचू?"

आई आतून हसते. "आवो, पोराचं पुस्तक उलटं धरलंय तुमी."

"उलटं कशानं? आमचं पैलं पान हितंच असतंय."

तुम्ही हसलात, मीही हसलो. नंतर ते पुस्तक तुम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवलंत. मान दिलात, वाचलं नाहीत. त्या उर्दू लेखकाच्या रहस्यमालेचा नवा अंक मात्र उशाखाली होता, खुणेला कडुनिंबाची काडी घातलेला. तो आणायला दुखऱ्या गुडघ्यांनी तुम्ही एसटीनं शहरात जायचात. संध्याकाळी आईला तो मराठीत करून सांगायचात.

"अन् दार हळूच उघडलं..."

"कुणी उघडलं? बोला की, जीव चाललाय हितं."

"पान तर उलटू दे, बेगमसाहेब."

आईचा हात भाकरी थापता थापता थांबायचा आणि तव्यावरची करपायची. ती तुम्ही मिटक्या मारत खायचात. मी आजवर एकही मुदत चुकवली नाही. वाळूजच्या बसमध्ये शिफ्टला निघालेली माणसं माझी पुस्तकं वाचताना मी पाहिली आहेत. पण माझ्या लिहिण्यानं आपल्या घरात एकही भाकरी करपली नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे उर्दू शिकायला लागलो. घरी सांगितलं, कादंबरीसाठी लागतंय. खरं म्हणजे मला तुमच्या त्या लेखकाच्या चुका काढायच्या होत्या. जुन्या बाजारात त्याची एक कादंबरी सापडली. आज कालवण गरम करायला ठेवलं, ओट्याशी खुर्ची ओढली आणि पुस्तक उघडलं ते माझ्या सवयीनं, मराठीसारखं. समोर शेवटचं पान. खुनी मेव्हणा. फार बरं वाटलं. म्हटलं, रहस्य तर संपलं, आता दाखव काय करतोस. मग दुसऱ्या टोकाला जाऊन एकेक अक्षर लावू लागलो.

हा कागद आता त्याच पुस्तकात खुणेला घालतोय. तिसऱ्या पानावर कालवण करपलं, अण्णा. खुनी माहीत असून करपलं. पातेलं घासून पालथं घातलंय, घरात कुणाला सांगितलेलं नाही.