रिठ्याचे डाग

९ फेब्रुवारी
ह्यांची खाज थांबायचं नाव घेत नाही. पाठ, दंड, पोटऱ्या. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसतं खाजवणं. जेवताना डावा हात सारखा पाठीवर. मला बघून बघून कंटाळा आला, त्यांचं काय होत असेल. काल शेवटी सदर भागातल्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मलम दिलं. म्हणाले, "कपड्यांचा साबण बदलून पाहा. नाहीच थांबलं तर परत या, रक्त तपासू." हे बाहेर आल्या आल्या, "पाह्य, साबणानंच होऊन राह्यलं. मी म्हणतच होतो." कधी म्हणत होते देव जाणे! पण मलाही पटलं. ती पावडर बादलीत टाकली की माझ्याच नाकाला झोंबते.
उरलेली निळी पावडर शेजारच्या कुंदाताईंना देऊन टाकली. त्यांना काहीही चालतं.

१२ फेब्रु.
इतवारीच्या बाजारातून रिठे आणले. फोडून बिया काढता काढता अंगठा सोलून निघाला. टरफलं रात्रभर भिजवली, सकाळी गॅसवर मोठ्या गंजात उकळली. वाफ घशात गेली आणि खोकून खोकून जीव अर्धा झाला. कुस्करून फडक्यातून गाळलं. रंग कोऱ्या चहाचा. फेस येतो, पण पावडरीसारखा मिरवत नाही.
हे दारात उभे. "झाली का वं तुही फॅक्टरी सुरू?"
म्हटलं, तुमच्याच कातडीसाठी करून राहिली, हसा.

२० फेब्रु.
टॉवेल मऊ. सुती साड्या छान. पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून बाटली फ्रिजमध्ये. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, पिऊ नये. ह्यांचा नेम नाही.
विचारलं, "कमी आहे का जी?"
"हो. कमी वाटून राह्यली."
बस! मला आकाश ठेंगणं झालं. पुण्याला पल्लवीला गंजाचा फोटो पाठवला. पोरगी म्हणते, "आई, आता बाटल्या विकायला बस बर्डीच्या बाजारात." मी सगळ्या कॉलनीत सांगत सुटलेय. कुंदाताईंनी पण रिठे मागितले. डॉक्टरकडे परत जायचं काही कारण उरलं नाही.

५ मार्च
एक कटकट. ह्यांच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग. लेंग्यालाही. रिठ्याच्या पाण्याचा रंग बसतोय म्हणजे. पुढच्या खेपेला पाणी पातळ करायचं आणि शेवटच्या पाण्यात लिंबाची सालं.

१० मार्च
लिंबाचाही उपयोग नाही. अभ्रा पुन्हा पिवळा. माझा अभ्रा त्याच बादलीतला, तो स्वच्छ. ह्यांना घाम जास्त, त्यात रिठा जिरत असेल.
ह्यांनाही तेच वाटतं. "रिठ्याचाच रंग, दुसरं काय."

होळीचा दुसरा दिवस
नवल वर्तलं. आंघोळीला गेले की हे स्वतःचं बनियन स्वतःच धुऊन आणतात. इतक्या वर्षांत रुमाल धुतला नाही या माणसाने! म्हटलं, सूर्य कुठे उगवला?
"तुही फॅक्टरी पाहून मलेबी शौक आला."
पुरणपोळी मात्र अर्धीच खाल्ली. तूपही नको म्हणाले. माझं पुरण बिघडलं असं नाही, कुंदाताईंनी दोन नेल्या.

२४ मार्च
कूलर लावला. खिडकी त्यानं झाकली, खोलीत दिवसाढवळ्या अंधार. उन्हाळ्यात हे असंच, चार महिने गुहेत राहायचं. हे दिवसभर आत पडून. चप्पलसुद्धा सैल वाटते म्हणतात. पँटच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून दिलं. "उन्हाळा लागला वं." ह्यांना उन्हाळा कधी लागला नव्हता. सरकारी नोकरीत मे महिन्यात सायकलने फिरलेला माणूस.
खाज विचारली. "नाहीच्यासारखी हाये."

२ एप्रिल
 
हे आंघोळ करून बाहेर आले आणि चक्कर आली म्हणून पडले पलंगावर. बनियन मोरीतच राहिलं होतं. मी धुवायला उचललं. मगात भिजवलेलं, आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके. पाठभर. नखांचे. दाढीचा डबा उघडा होता. त्यात ब्लेडच्या पाकिटाखाली पावडरीची पुडी. तीच. निळी.
पुडी हातात घेऊन समोर उभी राहिले.
"काहून लपवलं जी?"
आधी पुडीकडे पाहिलं. मग, "तुह्या रिठ्यानं रक्ताचे डाग निघत नाही वं. पावडरीनं निघते."
"केव्हापासून?"
"होळीपासून. दुकानातून आणली."
"मग पावडरीनं खाज वाढली नाही?"
"नाही. तेवढीच हाये. पहिल्यापासून तेवढीच हाये."
तेवढीच. म्हणजे साबण नव्हताच. साबण कधीच नव्हता.
मी विचारलं, मग मला कमी आहे, कमी आहे, असं का म्हणत होते. म्हणाले, "तू एवढं उकळून राह्यली होती. सारखी विचारे. नाही म्हटलं असतं त तुह्यं तोंड उतरलं असतं." आणि वर, "अन् डॉक्टरकडं नेलं असतं."
संताप आला. इतका की पुडी भिंतीवर फेकली. सगळ्या खोलीत पावडर. मग हात धरून ओढतच अंगणात आणलं, म्हटलं चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. उन्हात त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
डोळे पिवळे. हळदीच्या हातांनी चोळल्यासारखे.
कूलर लावल्यापासून मी ह्यांना उजेडात पाहिलंच नव्हतं. अभ्रे पाहिले. लेंगे पाहिले.

४ एप्रिल
परवाच भरती केलं. काविळीने अंगाला खाज येते म्हणे, डोळे पिवळे व्हायच्याही आधीपासून. डाग रिठ्याचे नव्हते. ह्यांचेच होते. मी लिंबाची सालं टाकत बसले.
सोनोग्राफी झाली, मग सीटी. डॉक्टर म्हणाले, पित्ताची नळी कशानेतरी दबलीय. कशाने ते तुकडा काढून तपासल्यावर. "कशानेतरी" म्हणताना ते ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.
मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर?
त्यांनी पेनचं टोपण लावलं. "आता आलात ना."
कुंदाताई डबा घेऊन आल्या. त्यांच्या गावाकडे कोणी काविळीची माळ घालतो, माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते. "एकदा घालून पाहा नं वं बाई, काय बिघडते?" महिन्यापूर्वी मीच ह्यांना नेलं असतं. आज त्यांच्यावर खेकसले. मग वाईट वाटलं. माझा रिठा काय निराळा होता?

८ एप्रिल
पित्त वाहावं म्हणून आत दुसरी नळी टाकली. तुकडा तपासायला गेला. पल्लवी आलीय पुण्याहून. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडली आणि बाहेर येऊन माझ्यावर बरसली, "आई, तुले दिसलं कसं नाही?"  नंतर तिनेच मला जवळ घेतलं.

१२ एप्रिल
घरी आणलं. खाज खरंच कमी. डोळ्यांतलं पिवळं उतरतंय. हे सांगतात, "आता बरं वाटते," आणि मी विश्वास ठेवत नाही. बनियन उलटं करून गच्चीवर उन्हात बघते. आज ठिपका नाही. कालही नव्हता. तरी बघते. लाज वाटते, चोराच्या घराची झडती घेतल्यासारखं वाटतं, पण काय करू? मला गोड खोटं बोलून गप्प करता येतं, हे ह्यांना ठाऊक आहे.

१५ एप्रिल
रिठ्याची पिशवी उचलून फेकायला निघाले. हे पलंगावरून म्हणाले, "काहून फेकते वं? त्यानं काय केलं?"
म्हटलं, काहीच केलं नाही, तेच तर.
"उकळ थोडे. वास चांगला येते घरात."
उकळले. खोकला आला. त्या निमित्ताने रडून घेतलं.

१७ एप्रिल
दुपारी पाय दाबत होते. नुसती हाडं हाताला लागतात. हे डोळे मिटून होते, वाटलं झोपले. एकदम म्हणाले,
"एक काम करशीन? रिपोर्ट आला की मले खरं सांगजो. माह्यासारखं करू नको."
मी हो म्हटलं.
संध्याकाळी पल्लवीने स्वयंपाकघरात गाठलं. "आई, काहीबी निघालं तरी बाबाले सांगू नको. खचतीन ते. आपण दोघी पाहू."
तिलाही हो म्हटलं. एका दिवसात दोन हो. मोठी शहाणी मी.

१९ एप्रिल
रिपोर्ट आज मिळणार. पल्लवी दवाखान्यात गेलीय, "मी तुह्याच फोनवर करीन, तू बाजूला होऊन बोल," असं बजावून. हे जेवले, भाताचे चार घास. मला म्हणाले, "वर जा, कपडे वाळले असतीन." मी गेले म्हणजे त्यांना एकटं रडता येत असेल, किंवा मला. 
गच्चीवर वही घेऊन बसलेय. ऊन मरणाचं. दोरीवर दोन अभ्रे, शेजारी शेजारी. दोन्ही पांढरे. कोणता कोणाचा, ओळखू येत नाही. हेच बघायला मार्चभर जीव टाकला होता मी.
फोन वर आणायचा होता. खालीच राहिला, चार्जिंगला, त्यांच्या उशाशी. विसरले की मुद्दाम ठेवला, मला सांगता यायचं नाही.
वाजतोय.
ह्यांनी खालून हाक मारली. "अवं, पल्लवीचा फोन हाये. वर घेऊन येऊ?" जिना चढायची ताकद नाही आणि म्हणे वर घेऊन येऊ!
पोरगी मला माफ करणार नाही. न करो. मी कठड्यावरून वाकून ओरडले, "उचला तुम्हीच."
रिंग थांबली. हॅलो म्हणाले. आता नुसतं ऐकून राहिलेत.
खाली जाते.